आठपर्यंत मोजणारं पाणी

१

तबकडी सापडली सकाळी दहा वाजता, आणि साडेदहाच्या आत थरवालीचा बाप चोर ठरून मोकळा झाला. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते थरवालीचं.

ती तेव्हा ठिबकघरात उभी राहून एका तान्ह्या बाळाच्या बुटाला पाव फेरी देत होती. बूट कुणा प्रवाशाच्या नातवाचा. अडीच महिने गरम झऱ्याच्या ठिबकीखाली ठेवायचा, पाण्यातल्या चुन्याने तो दगडाचा झाला की पेटीत घालून धाडायचा. तिचा बाप हेच करायचा, ती हेच करत होती. मागच्या अंगाला बेवारशी रांगेत वस्तुसंग्रहालयाच्या बाई फिरत होत्या. ज्या वस्तू कुणी न्यायलाच आलं नाही त्यांची ती रांग. बाईंना शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं होतं, म्हणून जुन्यात जुनं दगडी सामान हवं होतं.

एकदम बाईंची किंकाळी आली. थरवालीला वाटलं, साप निघाला.

साप परवडला असता. एका दगडी छत्रीच्या मागे, तारेच्या जाळीवर, ताटाएवढी गोल चकती पडली होती. वर पिवळट दगडाचा थर, कडेला बाईंच्या नखाने उडालेला टवका, आणि टवक्याखाली पितळ.

"अहो, ही... ही तीच का हो?" बाई कुजबुजल्या.

या शहरात जन्मलेल्या माणसाला ते विचारावं लागत नव्हतं. तीस वर्षांपूर्वी झऱ्याच्या तोंडावरून एका सकाळी नाहीशी झालेली वाटणीची तबकडी. थरवाली तेव्हा बारा वर्षांची होती. त्या दिवशी बापाने दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, एवढं तिला आठवत होतं.

बाई मात्र बोटाने भोकं मोजायला लागल्या होत्या. "सहा... सात... आठ. बाई गं! आठच आहेत."

अर्ध्या तासात हॉटेल संघाचे अध्यक्ष हजर झाले. शहरातलं सगळ्यांत जुनं हॉटेल त्यांचं. त्यांनी तबकडीकडे बघितलं, थरवालीकडे बघितलं आणि टाळी वाजवली.

"वा! तीस वर्षं सगळं शहर पालथं घातलं, आणि ही तुमच्या तीर्थरूपांच्या फडताळात. दुपारी चारला सभा आहेच. आता तिथे बोलण्यासारखं तुमच्याकडे काय उरलं?"

थरवालीच्या हातात अजून तो बाळाचा बूट होता. तो तिने जाळीवर ठेवला, तेव्हा तिला कळलं की आपण तो दोनदा फिरवला.

२

ही तबकडी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर गाढवापासून सुरुवात करावी लागते.

एका कुंभाराचं खरुज झालेलं गाढव ओसाड माळावरच्या गरम डबक्यात पडलं आणि बाहेर आलं ते इतकं तुकतुकीत होऊन, की कुंभार त्याच्या पाठीत बघून दाढी करायचा म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याने डबक्याला कुंपण घातलं, तिसऱ्या दिवशी कुंपणाला दार केलं, आणि चौथ्या दिवशी दाराशी हात पसरून बसला. शहर सुरू झालं ते तिथून. डबक्याभोवती आठ खानावळी उठल्या, त्यांची पुढे आठ हॉटेलं झाली. मागोमाग वैद्य आले, टॉवेलवाले आले, साबणवाले आले. शवपेट्या करणारा एक सुतारही आला होता. पण या पाण्यात माणसं मरेनातच, तेव्हा बिचाऱ्याने त्याच फळ्यांचे आंघोळीचे टब केले आणि तो गब्बर झाला.

झरा एक आणि तोंडं फार, त्यामुळे भांडणं रोजची. शेवटी सगळ्यांनी मिळून पितळेची तबकडी ओतली आणि झऱ्याच्या तोंडावर बसवली. कडेने आठ भोकं, आठ धारा, आठ हॉटेलं. आणि मधोमध नववं भोक, ज्याचं हॉटेल नाही त्याचं: उघड्या स्नानकुंडाचं आणि ठिबकघराचं. निदान लोक तरी असं सांगत. हॉटेल संघ म्हणे, मधलं भोक कधी नव्हतंच. पहिला करार कचेरीच्या आगीत गेला होता आणि तबकडी कायम फेसाखाली, त्यामुळे ती मोजायला कुणी वाकलंच नव्हतं.

मग एक काळ असा आला की खरजेवर बोटभर मलम निघालं आणि हॉटेलं ओस पडली. दिवाणखान्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. ती बारा वर्षं या शहराला दगडी बुटांनी पोसलं, दगडी टोप्यांनी, दगडी फुलांनी. सगळं थरवालीच्या बापाच्या हातचं. पुढे आंघोळीची फॅशन परत आली, हॉटेलांना रंग लागले, आणि नेमक्या त्याच वर्षी तबकडी गेली. नगरपालिकेने तिच्या जागी आठ भोकांची लोखंडी तबकडी बसवली, तात्पुरती म्हणून. तिला तीस वर्षं झाली. स्नानकुंड आटून शेवाळ धरलं, आणि ठिबकघर वरून सांडेल तेवढ्यावर जगू लागलं.

नवव्या धारेसाठी अर्ज करणारी थरवालीच होती. त्याचीच सभा आज चारला होती. अर्ज फेटाळला तर सांडपाणीही हॉटेलांकडे वळणार आणि ठिबकघराला कुलूप लागणार, असं नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं.

आणि आता तबकडी सापडली होती. आठ भोकांची.

३

अकराच्या सुमारास नगरपालिकेने तोळेमास्तरांना धाडलं. वजनमापे खात्यात पस्तीस वर्षं दुकानदारांची झोप उडवून निवृत्त झालेला हा माणूस इतका काटकुळा होता की तागडीत बसला तर पारडं वर जाईल, असं त्याच्या तोंडावर म्हणत. काम साधं होतं: तबकडीचं वजन आणि व्यास लिहून द्यायचा.

"मला फक्त वजन करायला बोलावलंय," ठिबकघरात शिरत ते म्हणाले. "पण वजन करताना डोळे मिटायचे, असं काही कुणी लिहून दिलेलं नाही. चहा आहे का?"

"काकांसाठी टाकलाय. त्यातला अर्धा देते."

काका बाकावर बसलेच होते. थरवालीच्या बापाचे धाकटे भाऊ. तरुणपणी इथेच थर चढवायचे, मग अध्यक्षांच्या हॉटेलात लागले आणि व्यवस्थापक झाले. इस्त्रीचा सदरा, उजव्या मनगटावर घड्याळ, डाव्या हातात कप.

"रोज येता?" मास्तरांनी विचारलं.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," काका म्हणाले. "आणि पोर एकटी. दादा गेल्यापासून कुणीतरी डोकावायला नको? आज तर..." त्यांनी मान हलवली. "दादाने असं करावं! माझा अजून विश्वास बसत नाही."

"तुमचा नाही बसत, मग माझा कशाला बसवू?" मास्तर म्हणाले आणि तबकडीकडे वळले. "थरवालीबाई, महिन्याला थर किती चढतो?"

"नखाएवढा."

"आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं तर?"

थरवालीने त्यांना ती दगडी छत्री दाखवली. वीस वर्षांपूर्वी कुणी विसरून गेलेली. फुगून हत्तीच्या पायासारखी झाली होती, आणि खालून दगडाची दाढी थेट फरशीपर्यंत लोंबत होती. शेजारची पाटी, शेजारची किटली, सगळ्यांना दाढ्या.

"आणि आमची तबकडी तेवढी गुळगुळीत," मास्तर हसले. "थर अडीच नखांचा. तीस वर्षं गाळात जाऊ दे, तीस आठवडे तरी आहेत का?"

दारातून अध्यक्षांचा आवाज आला. ते गेलेच नव्हते. "आधी दुसरीकडे लपवली असेल, मरायच्या आधी इथे आणून ठेवली असेल. मास्तर, तुम्ही वजन करा."

"करतो ना." मास्तरांनी थरवालीला विचारलं, "नेमकं मोजता येईल?"

येत होतं. लोखंडी तबकडीला गंज चढतो म्हणून आता दर सोमवारी झऱ्याचं तोंड घासतात, तेव्हा अर्धा तास पाणी तांबूस येतं आणि थरात केसाएवढी लाल रेघ उमटते. थरवालीने उडालेल्या टवक्याची कड दगडावर घासली, ओली केली आणि उजेडात धरली. आधी मनात मोजलं. मग परत, मोठ्याने.

"अकरा. अकरा सोमवार."

तिला एकदम मोकळा श्वास आला. सहा वर्षांपूर्वी गेलेला माणूस अकरा आठवड्यांपूर्वी उठून काही ठेवायला येत नाही. "ऐकलंत? माझे वडील नव्हते!"

"ऐकलं," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "अकरा आठवड्यांपूर्वीच सभेची तारीख जाहीर झाली, नाही का? म्हणजे बापाच्या सामानात तबकडी तुम्हांला मिळाली. तुम्ही भोकं मोजलीत. आठ! अर्ज बुडणार म्हणून लपवलीत. बाप नव्हे, लेक." ते वळले. "मी हवालदारांनाच सभेला बोलावतो."

४

"खरं बोललं की असं होतं," मास्तर म्हणाले. "बसा जरा."

"बसू कशी? चार तासांत मला बेड्या घालतील, आणि तुम्ही बसा म्हणता!"

"उभं राहिलं तर कमी घालतील का?"

ती बसली. काका तिच्या डोक्यावर हात ठेवून, "मी अध्यक्षांशी बोलून बघतो, बाळ," म्हणत लगबगीने गेले.

मास्तरांनी दुपारी दोनच घरं घेतली. पहिलं पिशवीवालीचं. ती पूर्वी ठिबकघरात कामाला होती, चार महिन्यांपूर्वी थरवालीशी कडाक्याचं भांडून निघून गेली, आणि आता हॉटेलांच्या दाराशी पिशव्या विकत होती.

"माझ्यावर घालताय होय?" तिने कमरेवर हात ठेवले. "त्या दिवसापासून तिच्या उंबऱ्याला पाय लावला असेल तर पाय झडोत! विचारा तिला. रस्त्यात दिसले तरी तोंड फिरवते भवानी."

"आता दिसली तर?"

पिशवीवाली थोडी घुटमळली. "तिला खरंच धरून नेणार? अहो, ती भांडकुदळ आहे. चोर नाही हो."

संग्रहालयाच्या बाई कपाटामागे बसून रडत होत्या. त्यांना दालनासाठी एक चमत्कार हवा होता, माणूस तुरुंगात घालायचा नव्हता. "बेवारशी रांग बघा, असं मला संघानेच सुचवलं," त्या म्हणाल्या. "प्रदर्शनाचा मांडव तेच देणार आहेत ना. पण मास्तर, एवढं सांगा त्यांना, तो थर फोडू नका. अशी वस्तू जगात दुसरी नसेल."

"फोडू नका, असंही संघानेच सुचवलं?"

बाईंनी डोळे पुसले आणि मान डोलावली.

तीन वाजता मास्तर ठिबकघरात परतले. तबकडी त्यांच्या काखेत, फडक्यात गुंडाळलेली.

"माझ्या बोटांना फक्त वजन कळतं," ते म्हणाले. "तुमची बोटं फिरवा जरा हिच्या कडेवरून. काय लागतं सांगा."

थरवालीने डोळे मिटले आणि कडेवर बोट ठेवलं. ठिबक इथे भिंतीच्या बाजूने तिरकी पडते. म्हणून वस्तूला रोज पाव फेरी द्यायची, म्हणजे थर सगळीकडून सारखा बसतो. रोजच्या थराची कड आदल्या दिवसाच्या थरावर चढते, माशाच्या खवल्यांसारखी. डोळ्यांना दिसत नाही. बोटाला एका बाजूने गुळगुळीत लागतं, उलट गेलं की अडतं.

तिचं बोट सवयीच्या बाजूने सरकलं आणि अडलं. तिने दुसऱ्या बाजूने फिरवून बघितलं. लोण्यासारखं गेलं.

बाकावर सकाळचा कप तसाच पडला होता. तिने तो उचलून विसळायला सुरुवात केली. बराच वेळ विसळत राहिली.

"काय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. नेहमीसारखंच आहे."

मास्तरांनी तबकडी पुन्हा फडक्यात गुंडाळली. "बाई, मी पस्तीस वर्षं दुकानदारांचे चेहरे बघितलेत. खोटं माप उचलताना माणूस वजनाकडे बघत नाही, भलतीकडेच बघतो. तुम्ही आत्ता कपाकडे बघताय."

"सभेची वेळ झाली," ती म्हणाली.

५

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आठ हॉटेलवाले पहिल्या रांगेत, काका त्यांच्या मागे, पिशवीवाली दाराशी, आणि हवालदार खिडकीपाशी टोपी मांडीवर घेऊन. मध्ये टेबलावर तबकडी. नगराध्यक्षीणबाईंनी घंटी वाजवली.

अध्यक्षांचं भाषण छोटंच झालं. आठ हॉटेलं, आठ भोकं, आणि ती लपवणारी एक बाई. त्यांनी थरवालीकडे बोट केलं. तिने खाली मान घातली. कुणीतरी मागून "चोर!" म्हणालं.

"वजन साडेअकरा किलो," तोळेमास्तर उभे राहून म्हणाले. "व्यास दीड वीत. माझं काम संपलं. आता एक शंका. ही तबकडी अकरा आठवडे ठिबकीखाली होती. तिथे किटलीची तोटी महिन्याभरात बुजते, छत्रीच्या घड्या बुजल्या, टोप्यांची भोकं बुजली. मग या आठ भोकांतून पलीकडचं आरपार कसं दिसतं?"

मास्तरांनी एका भोकातून बोट आरपार काढून दाखवलं.

"कुणीतरी रोज त्यांच्यात काडी घालत होतं. आठांतच. एरवी मला सांगा, झऱ्याच्या पाण्याला आठपर्यंत मोजता येतं का?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली, आणि मग लोकांना त्याचा अर्थ कळला.

"लपवायचीच असती, तर भोकं बुजली काय आणि राहिली काय, कुणाला पर्वा? इथे ती दिसायला हवी होती. आठ. आणि जे दिसायला नको होतं ते पाण्यावर सोपवलं." मास्तरांनी तबकडीच्या मधोमध टिचकी मारली. "थरवालीबाईंना नववं भोक हवं होतं. त्या ते स्वतःच कशाला बुजवतील?"

"हवेतल्या गप्पा!" अध्यक्ष उसळले. "मग कोणी केलं?"

"दुसरी गोष्ट. बेवारशी रांगेतलं सामान कुणी फिरवत नाही. म्हणून त्यांना दाढ्या. हिला नाही. हिला कुणीतरी रोज फेरी दिली. अहो, न फिरवता तशीच सोडली असती तर ती जुनीपुराणी तरी दिसली असती! लपवणाऱ्याच्या फायद्याचंच होतं ते. तरी त्याच्या हाताला राहवलं नाही. थर वाकडा चढताना त्याला बघवेना." मास्तरांचा आवाज खाली आला. "हा हात थर चढवणाऱ्याचा आहे. असे हात या शहरात तीन. एक पिशवीवालीबाई, चार महिने त्या तिथे फिरकल्या नाहीत. उरले दोन, आणि दोघंही रोज ठिबकघरात असतात. कोणता, हे मला सांगता येत नाही. ते थरवालीबाईंना येतं. दुपारी त्यांनी सांगितलं नाही."

सगळं सभागृह थरवालीकडे वळलं. तिने फक्त एकाकडे बघितलं. काकांच्या कपाळावर घाम होता, पण ते हसत होते. लहानपणी तिचा हात धरून फेरी द्यायला शिकवताना हसायचे तसेच. त्यांचा हात उलटा म्हणून बाप ओरडायचा, "अरे, तिला तुझं वळण लावू नकोस!"

तिने गप्प राहायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण मागून पुन्हा कुणीतरी म्हणालं, "बापासारखीच निघाली," आणि काकांनी मान खाली घातली नाही. नुसते समोर बघत राहिले. ते तिला सहन झालं नाही.

ती टेबलापाशी गेली आणि कडेवरून बोट फिरवलं.

"खवले उलटे आहेत," ती म्हणाली. "मी उजवीकडे फिरवते. माझे वडीलही उजवीकडेच फिरवायचे. हे डाव्या हाताने फिरवलंय."

"शहरात डावरे शंभर असतील!" अध्यक्ष ओरडले.

"असतील. आधी ते भोक तर बघू," नगराध्यक्षीणबाई म्हणाल्या. "छिन्नी आणा कुणीतरी."

संग्रहालयाच्या बाईंनी डोळे झाकून घेतले. शिपाई छिन्नी घेऊन आला. त्याने आयुष्यात खिळ्याखेरीज काही ठोकलं नव्हतं. त्याने छिन्नी बरोबर मधोमध उभी धरली आणि हातोडी खांद्यापर्यंत उचलली. मास्तर हाताची घडी घालून भलतीकडेच बघत होते.

"अरे, थांब! थांब!" काका उठले होते. "तशी नाही रे, पितळ तडकेल! आडवी धर, कडेने घाल... अरे, काय करतोयस?"

ते रांग ओलांडून आले, शिपायाच्या हातातून हत्यारं ओढून घेतली, हातोडी डाव्या मुठीत धरली आणि तीन बारीक टोले घातले. टक्, टक्, टक्. रुपयाएवढी दगडाची चकती सुटून टेबलावर गरगरली. नववं भोक काठोकाठ गोल होतं. पितळेवर एक ओरखडा नव्हता.

काकांनी फुंकर मारून भुकटी उडवली. मग त्यांचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं.

"तीस वर्षं पलंगाखाली होती," ते म्हणाले, कुणालाच न उद्देशून. "या अध्यक्षांच्या वडिलांनी सांगितलं, काढून आण, हॉटेलात कायमची नोकरी देतो. मी आणली. दादाने एकदाच विचारलं होतं, तू नाहीस ना? मी म्हटलं, नाही. त्याने मानलं." त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. "आता हे म्हणाले, आठाची करून दे, म्हणजे लोकांची तोंडं कायमची बंद."

अध्यक्ष उठायला लागले. हवालदारांनी टोपी डोक्यावर ठेवली तसे पुन्हा बसले.

"आणि वडिलांचं नाव?" थरवालीने विचारलं.

"मेलेल्या माणसाला कोण तुरुंगात घालतंय? मी म्हटलं, दादाचं आता काय जाणार आहे? तुझी मी सोय केली होती गं. हॉटेलात, काउंटरवर. बसून काम."

"तुम्ही रोज माझा चहा प्यायलात, काका."

काकांनी हातोडी टेबलावर ठेवली. नगराध्यक्षीणबाईंनी घंटी वाजवली आणि अर्जावर हात वर करायला सांगितले. नवव्या धारेच्या बाजूने इतके हात वर गेले की शिपायाने मोजणं सोडून दिलं. पिशवीवालीला तर मतच नव्हतं, तिने दोन्ही वर केले होते.

६

चौकी दोन गल्ल्या पलीकडे होती. पुढे अध्यक्ष आणि शिपाई, मागे हवालदार, आणि मध्ये काका आणि थरवाली. फिर्याद तिला द्यावी लागणार होती, म्हणून तीही निघाली होती. टॉवेलवाले, साबणवाले दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून बघत होते.

"रागावलीस?" काकांनी विचारलं.

"रस्त्यात बोलू नका. लोक बघतायत."

पुढच्या वळणाशी काकांना राहवेना. "धार चालू झाली की पहिले आठ दिवस काही ठेवू नकोस जाळीवर. नळातला गाळ येईल."

"माहीत आहे मला."

"हो. तुला माहीतच असणार."

चौकीत हवालदारांनी मोठं पुस्तक उघडलं, दौत पुढे ओढली आणि काकांना समोरच्या बाकावर बसवलं. काकांनी हात मांडीवर ठेवले, मग पाठीमागे नेले, मग पुन्हा मांडीवर. त्यांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. थरवाली टेबलापाशी उभी राहिली.

"संध्याकाळी जेवायला काय हवं?" तिने वळून न बघता विचारलं.

"काहीही चालेल," काका अडखळत म्हणाले. "आणशील?"

"आणीन."

हवालदारांनी टाक बुडवला. "हं, बाई. आरोपीशी तुमचं नातं काय?"

तिने बाकाकडे बघितलं. काका मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"फिर्यादी," ती म्हणाली.

"अहो, ते नातं नव्हे. ते वेगळ्या रकान्यात येतं."

"येऊ द्या," थरवाली म्हणाली. "आजच्यापुरतं दोन्हीकडे तेच लिहा."